प्रकाशाचे दलाल

प्रकाशावर चालणारा संगणक येतो आहे. त्याला वीज लागणार नाही, तो तापणार नाही, आणि त्याचा वेग थेट प्रकाशाचा असेल. ही तीन वाक्यं आता बारामती तालुक्यातही पोचली आहेत. कॉलेजचं चर्चासत्र असो, शेतकरी मेळाव्याचा मांडव असो की मोबाइलवरचा कुणी तंत्रगुरू असो, तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर मंत्रद्रष्ट्या ऋषीचं तेज असतं. आणि तिन्ही वाक्यं खोटी आहेत. थोडी वाढवून सांगितलेली असती तर मी गप्प बसलो असतो. ती धडधडीत खोटी आहेत.

मी कोऱ्हाळे बुद्रुकचा. नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या आणि तो सोमेश्वर साखर कारखान्याला घालणाऱ्या माणसांनी या भानगडीत का पडावं? उसामुळेच पडावं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला बरोबर घेऊन उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली. मातीत सेन्सर, रानात हवामान केंद्र, वरून उपग्रहाची चित्रं, आणि पाणी किती द्यायचं, खत कधी टाकायचं याचा सल्ला थेट मोबाइलवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी ही गोष्ट जगाला सांगितली. मला हा प्रयोग मनापासून आवडतो. पाठोपाठ जूनमध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींच्या तरतुदीसह. आता ५०० कोटींचा आकडा कानावर पडला की दलाल गोळा होतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? त्या दलालांतला सगळ्यात चकचकीत बोलणारा हा प्रकाशवाला. म्हणून हा लेख.

वेगाची थाप सर्वांत लाडकी, तिच्यापासूनच सुरुवात करू. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. शाळेतलं पाठांतर, बरोबर आहे. पण चिप पोकळीत नसते. प्रकाशाच्या चिपमधल्या वाटा बहुधा सिलिकॉनच्या असतात आणि सिलिकॉनचा अपवर्तनांक साडेतीनच्या आसपास आहे. म्हणजे तिथे प्रकाशाचा वेग उतरतो ८५-८६ हजार किलोमीटरवर. मूळच्या एक तृतीयांशही नाही! काचेच्या फायबरमध्ये तो साधारण २ लाख किलोमीटर असतो. आणि तांब्याच्या चांगल्या केबलमधून विजेचा संकेत किती वेगाने जातो? तोही साधारण तितक्याच. इलेक्ट्रॉन स्वतः रखडत चालतात हे खरं, पण निरोप इलेक्ट्रॉन नेत नाहीत, विद्युतचुंबकीय लहर नेते. ज्या विजेला हे लोक जुनाट म्हणून हिणवतात, तिचा निरोप आणि फायबरमधला प्रकाश बरोबरीने पोचतात. बारावी सायन्सच्या पोराला हे समजतं. व्यासपीठावरच्या विद्वानाला समजत नाही?

चिपवरच्या अतिसूक्ष्म तारांना रोध आणि धारकता असते आणि लांबच्या तारेत त्यामुळे संकेत मंदावतो. ही अडचण खरी आहे आणि मी ती लपवणार नाही. पण गणित करणारे शेजारशेजारचे ट्रान्झिस्टर एकमेकांपासून काही दशक नॅनोमीटर अंतरावर असतात. तेवढ्या अंतरात प्रकाशाला धाव घ्यायला सांगून कोणता क्षण वाचणार आहे?

मग फायबरने जग कसं जिंकलं? वेगाने जिंकलंच नाही. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबल घटतो. म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा शिल्लक. तांब्याच्या जोडतारेवरून सेकंदाला १० गिगाबिट पाठवायचे तर १०० मीटरला दम तुटतो. शिवाय एकाच तंतूतून प्रकाशाचे अनेक रंग एकाच वेळी, एकमेकांना न त्रासवता जातात. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली शुद्ध काचेचा हा गुण हिशेब करून दाखवला आणि २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. तो हिशेब न क्षीण होण्याचा होता. प्रकाशाची खरी थोरवी एवढी मोठी असताना खोटी थोरवी चिकटवायची गरज कुणाला पडते? ज्याला खरी कळलेलीच नाही त्याला.

आता मुळाला हात घालू. संगणक म्हणजे निरोप्या नव्हे. संगणक निर्णय करतो. एका संकेताने दुसऱ्याला अडवायचं किंवा सोडायचं, आणि हे अब्जावधी वेळा, न चुकता. कालव्याच्या दारावर एकटा माणूस चाक फिरवतो आणि शेकडो एकरांचं पाणी थांबतं किंवा सुटतं. ट्रान्झिस्टर तेच करतो, थोडक्या विद्युतभाराने मोठा प्रवाह हाताळतो. प्रकाशाला हे जमत नाही. पटत नसेल तर आज रात्री दोन बॅटऱ्या घ्या आणि त्यांचे झोत एकमेकांवर आडवे टाका. काय होतं? काहीच नाही. दोन्ही झोत एकमेकांतून आरपार जातात, एकाला दुसऱ्याचा पत्ताही लागत नाही. याच गुणामुळे एका फायबरमध्ये अनेक रंग सुखाने नांदतात, आणि याच गुणामुळे प्रकाश प्रकाशाला थोपवू शकत नाही. वाहतुकीत जे वरदान, निर्णयात तोच शाप. मध्ये एखादा अरेषीय पदार्थ घातला तर थोडाफार परिणाम साधतो, पण त्यासाठी प्रकाश इतका प्रखर लागतो की विजेच्या बचतीची भाषा तिथेच संपते.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. डेव्हिड मिलर नावाचे शास्त्रज्ञ आहेत. बेल लॅब्जमध्ये असताना १९८४ च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सीड नावाचं प्रकाश-विद्युत साधन बनवलं. प्रकाशाने तर्क करणारी यंत्रं बांधण्याची त्या काळातली मोठी आशा त्याच साधनावर होती. याच मिलर यांनी २०१० साली नेचर फोटॉनिक्समध्ये रोखठोक सवाल केला की प्रकाशाचा ट्रान्झिस्टर ही खरंच पुढची पायरी आहे का. आणि अटी मांडल्या. एका टप्प्याच्या उत्तराने पुढचा टप्पा चालला पाहिजे, एकच नव्हे, किमान दोन. वाटेत मळलेला संकेत प्रत्येक टप्प्यावर पुन्हा लख्ख झाला पाहिजे. पुढचा संकेत उलटा मागे येऊन गोंधळ घालता कामा नये. आणि साधनं केसाइतकी अचूक जुळवून ठेवावी लागता कामा नयेत. साधा ट्रान्झिस्टर या सगळ्या अटी निमूट पाळतो. प्रकाशाची बहुतेक साधनं एखादी पाळतात आणि तेवढ्यावर पत्रकार परिषद घेतात. ज्याने स्वतः ते साधन घडवलं तो माणूस इतका प्रामाणिक, आणि ज्याने आयुष्यात लेझरची नळी हातात धरली नाही तो विक्रेता इतका ठाम!

ही थाप नवीही नाही. १९८५ सालीच आयबीएमचे रॉबर्ट कीज यांनी प्रकाशतर्काचं गणित जुळत नसल्याचं लिहून ठेवलं होतं. १९९० च्या जानेवारीत बेल लॅब्जच्या ॲलन ह्वांग यांनी प्रकाशावर चालणारा अंकीय प्रोसेसर दाखवला आणि वर्तमानपत्रांनी विजेच्या संगणकाचं मर्तिक उरकून टाकलं. ३५ वर्षं उलटली. मेलेला अजून तुमच्या खिशात वाजतो आहे. २००३ साली लेन्सलेट या इस्रायली कंपनीने सेकंदाला ८ लाख कोटी क्रिया करणारा प्रकाशाचा प्रोसेसर जाहीर केला. दुकानात जाऊन मागून बघा.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मीही त्यांच्याच पंगतीला बसेन. प्रकाश काही गणितं खरोखर सुंदर करतो. साधं भिंग चित्राचं फूरिए रूपांतर करून देतं, काही न मागता. मिशिगन विद्यापीठातले लोक रडारने फिल्मवर टिपलेल्या नोंदींतून भिंगांच्याच मदतीने जमिनीची चित्रं काढत होते, आणि त्याच परंपरेतून १९६४ चा व्हँडर लुग्ट यांचा प्रकाशगाळक आला. पुढे २०१७ साली एमआयटीच्या चमूने सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशाच्या वाटा विणल्या, त्या व्यतिकरणाने एकमेकींत मिसळल्या आणि मॅट्रिक्सचा गुणाकार करून दाखवला. कृत्रिम बुद्धिमत्तेचं बहुतेक कष्टाचं काम म्हणजे मॅट्रिक्सचे गुणाकारच. कल्पना अस्सल आहे, संशोधक अस्सल आहेत, त्यांना पैसा मिळाला पाहिजे. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांच्या निबंधाचं शीर्षक वाचून दुकान थाटणाऱ्यांशी आहे.

आणि निबंध पूर्ण वाचला तर काय दिसतं? त्या एमआयटीच्या वाटेवरूनच निघालेल्या लाइटमॅटर कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये नेचरमध्ये आपला फोटॉनिक प्रोसेसर मांडला. आजवरचा बहुधा सर्वांत परिपूर्ण नमुना. सेकंदाला साडेपासष्ट लाख कोटी क्रिया, भाषेची आणि चित्रांची खरी मॉडेलं चालवून दाखवलेली. कौतुकाचंच काम आहे. त्याला ऊर्जा किती लागली? प्रकाशाची १.६ वॅट. आणि विजेची ७८ वॅट.

पुन्हा वाचा. विजेची ७८, प्रकाशाची १.६. जगातल्या सर्वोत्तम प्रकाशसंगणकात वीज प्रकाशाच्या जवळपास पन्नास पट आहे! कंपनीने हे आकडे उघड छापले, हा त्यांचा सरळपणा. आणि तोच कागद हातात नाचवून आमचा वक्ता सांगतो की वीज लागणार नाही. वाचता येत नाही म्हणावं, की लाज वाटत नाही म्हणावं?

एवढी वीज करते काय? सगळंच करते. मॉडेलचे कोट्यवधी आकडे विजेच्या मेमरीत बसलेले असतात, कारण प्रकाश एका जागी थांबत नाही. चिपवर त्याला गोलगोल फिरवत ठेवला तरी काही नॅनोसेकंदांत तो विरून जातो. मेमरीतला आकडा विजेच्या दाबात बदलायचा, त्या दाबाने प्रकाश मॉड्युलेट करायचा, प्रकाशाने क्षणभर गुणाकार करायचा, मग शोधकाने त्याची पुन्हा वीज करायची, त्या विजेचा पुन्हा आकडा करायचा आणि मेमरीत ठेवायचा. पुढच्या थराला पुन्हा हाच फेरा. गुणाकार जवळजवळ फुकट, पण जाण्यायेण्याचं भाडं भरून भरून माणूस कंगाल. विक्रीच्या तक्त्यात मात्र नुसता तो मधला क्षण मोजलेला असतो. लेझर हिशेबाबाहेर, मेमरी बाहेर, दोन्हीकडचे रूपांतरक बाहेर, सगळं गार ठेवायचा खर्च बाहेर. आणि मग जीपीयूच्या, म्हणजे आज हे काम करणाऱ्या विजेच्या चिपच्या, शंभर पट, हजार पट! कशाच्या हजार पट? कुठलं काम करताना? विचारून बघा, समोरचा विषय बदलतो.

तापणार नाही, हे तर सर्वांत विनोदी. यातल्या पुष्कळ चिपांमध्ये प्रकाशाची कला, म्हणजे लहरीचा टप्पा, जुळवायला त्याच्या वाटेशेजारी सूक्ष्म हीटर बसवलेले असतात. सिलिकॉन तापवलं की अपवर्तनांक बदलतो आणि लहर हवी तेवढी सरकते. जे यंत्र गार म्हणून विकतात त्याच्या पोटात ओळीने हीटर आहेत, आणि विकणाऱ्याला ते माहीत नाही!

अचूकतेचंही तेच. हे गणित अंकीय नसून सादृश असतं, उत्तर प्रकाशाच्या तीव्रतेत असतं, आणि तीव्रतेत गोंगाट असतो. फोटॉन कमी तर गोंगाट ठळक. निसर्गाचा नियम असा की अचूकतेचा एक बिट वाढवायचा तर प्रकाश चौपट लागतो. दोन बिट, सोळा पट. भौतिकशास्त्र कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकाला भीत नाही. आकाराचं म्हणाल, तर आजच्या चिपमध्ये एका चौरस मिलिमीटरात १० कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर मावतात. तेवढ्याच जागेत प्रकाशाचे शे-दोनशे घटक बसले तरी खूप झालं, कारण तरंगलांबीच मुळी ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट मोठी आहे. तिला कुणी मारून मुटकून लहान करणार नाही.

आता परदेश सोडा, आपल्या पुणे जिल्ह्यात या. देशात फायबरची पहिली स्थानिक टेलिफोन जोडणी कुठे सुरू झाली? पुण्यात, १९७९ साली. प्रकाशाला निरोप्या म्हणून कामाला लावायचा मान या जिल्ह्याचा आहे, आणि हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रत्येक तबकडीवर पडलेला आकाशातला क्षीण रेडिओ संकेत लेझरच्या प्रकाशावर चढवतात आणि जमिनीखालच्या फायबरमधून मधल्या इमारतीत आणतात. तिथे पोचल्यावर काय करतात? त्याची वीज करतात. मग आकडे करतात, मग प्रत्येक तबकडीचा प्रत्येक दुसऱ्या तबकडीशी गुणाकार करतात, ४३५ जोड्या, क्षणोक्षणी. ते गुणाकार एफपीजीए आणि जीपीयू या चिपा करतात, विजेवर. २०२४ साली जीएमआरटीच्या कामासाठी पुण्यात परम रुद्र हा महासंगणक आला, तोही विजेवर.

विचार करा. प्रकाश दारात आलेला आहे. संकेत त्याच्यावर चढलेला आहे. काम गुणाकाराचंच आहे, म्हणजे प्रकाशवाल्यांच्या सर्वांत आवडीचं. आणि जगात नावाजलेले शास्त्रज्ञ त्या प्रकाशाचं पहिलं काय करतात, तर त्याला विजेत बदलतात. त्यांना प्रकाश कळत नाही? त्यांच्याइतका प्रकाश कळलेली माणसं या जिल्ह्यात शोधून सापडणार नाहीत. कुठलं काम कुणाचं, हे त्यांनी ठरवलं आणि गाजावाजा न करता तसं केलं. आमचे तंत्रगुरू नारायणगावच्या रस्त्याने कितीदा गेले असतील. एकदा गाडी खोडदकडे वळवली असती तर निम्मी भाषणं रद्द झाली असती.

आता आमच्या शिवाराचं बोलतो, कारण राग तिथे आहे. कोऱ्हाळ्यातल्या उसाला आज पाणी द्यावं की परवा, याचा सल्ला मोबाइलवर यायचा असेल तर वाट कशी असते? सेन्सरने ओल मोजायची, मोबाइलच्या टॉवरपर्यंत निरोप जायचा, तिथून फायबरने दूरच्या डेटा सेंटरला, तिथे गणित, आणि उलट टपाली उत्तर. या वाटेत अडतं कुठे? गणितात? डेटा सेंटरमधलं गणित क्षणार्धात होतं. अडतं ते अलीकडे. टॉवरला रेंज नसते, फायबर रस्त्याच्या खोदाईत तुटलेलं असतं, डीपी जळालेली असते. सल्ला पहाटे आला तरी मोटारीची वीज रात्रीच्या पाळीला असेल तर माणसाने अंधारात दारं धरायची. हे सगळं सुधारायला कुठल्याही नव्या भौतिकशास्त्राची गरज नाही. वायरमन लागतो, खोदाईवर लक्ष लागतं, तुटलेला तंतू त्याच दिवशी जोडणारा माणूस लागतो.

गावागावांत फायबर न्यायची योजना २०११ साली मंजूर झाली, अडीच लाख ग्रामपंचायती जोडायला. नाव बदलून ती भारतनेट झाली, मुदती उलटल्या, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने तिच्यासाठी पुन्हा सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर केले. का करावे लागले? काम राहिलं होतं म्हणून. प्रकाशाचं खरं, सिद्ध झालेलं काम गावाच्या वेशीवर अडकलं आहे. फायबर आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरात तयार होतं. बाहेरून आणायचंही कारण नाही. आणि अशा वेळी माझ्या तालुक्यातल्या पोरांना मांडवात बसवून कुणी सांगतं की आता प्रकाश विचार करणार! ज्या पोरांनी फायबर जोडायला शिकावं, मॉड्युलेटरचं गणित शिकावं, त्यांना टाळ्या वाजवायला शिकवलं जातं. मला याची चीड आहे आणि ती लपवायचं मला कारण दिसत नाही.

गंमत म्हणजे धंदेवाल्या जगाने केव्हाच शहाणपण स्वीकारलं आहे. गूगलने टीपीयू या आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांच्या महासंगणकांत चिपांच्या गटांना जोडायला प्रकाश आणि आरसे वापरले. एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये चिपच्या कुशीतच फायबर आणणारे स्विच जाहीर केले. खुद्द लाइटमॅटरचा भर आज पॅसेजवर आहे, आणि पॅसेज हे चिपांना प्रकाशाने जोडण्याचं तंत्र आहे. गणित विजेने, दळणवळण प्रकाशाने. अमेरिकेतला मालक ज्या मालावर भर देत नाही तो त्याचा इथला भाट अजून डोक्यावर घेऊन नाचतो आहे.

तेव्हा महाॲग्री-एआयच्या पैशातून कुणी प्रकाशाचं यंत्र विकायला आलाच, तर निविदेत एवढं लिहा. यंत्र सबंध आणा, लेझर, मेमरी, रूपांतरक आणि पंख्यासकट. भिंतीतल्या प्लगपाशी आमचा मीटर लागेल. कोऱ्हाळ्याच्या उसाचा सबंध हंगामाचा डेटा आम्ही देऊ, तेच काम तेवढ्याच पैशांच्या साध्या जीपीयूलाही देऊ, आणि दोन्हींची उत्तरं, युनिटं आणि वेळ ग्रामसभेत वाचून दाखवू. प्रकाश जिंकला तर खरेदीच्या ठरावाला पहिलं अनुमोदन माझं. मीटर लावायला नकार दिला, तर पाहुण्यांना चहा पाजा आणि सोमेश्वरनगरच्या स्टँडवर सोडून या.